नागिणीची लस

पन्नाशी उलटली तशी आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" आल्या होत्या की! आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. तो विषाणू म्हणे कांजिण्या बऱ्या झाल्या तरी मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की नागीण होऊन उठतो.

मोठ्या काकूंना झाली होती, डाव्या बरगडीखाली. शेजारपाजाऱ्यांनी काव लावायला लावली, वर "तोंड-शेपूट जुळलं तर माणूस जातो" म्हणून घाबरवलं. (नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठते, जुळणार कुठून!) फोड वाळले, पण पुढे कितीतरी महिने त्यांना पोलक्याचं कापडसुद्धा अंगाला लागलेलं सोसत नसे.

ते पाहिलेलं, म्हणून मी शिंग्रिक्स ही नागिणीची लस घेतली. भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. त्यात जिवंत विषाणू नसतो. किंमत ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात फ्रिज येईल." महाग आहेच.

रात्री हुडहुडी भरली, दंड असा ठणकला की ब्लाऊजची बाही चढवेना. पॅरासिटामॉल, मुगाची खिचडी, झोप. दुसरा डोस दिवाळीनंतर घेईन. चकल्या पाडताना दंड धड हवा.