इंजनचे गोळे आणि खोटी लेव्हल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हा खरं सांगू, पहिल्यांदा शाळा नाही, आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजन आठवलं. १९७९, मी आठवीत. इंजन एकसारखं चालेचना, फुकफुकफुक जोरात पळायचं, मग मरगळायचं, परत पळायचं. मिस्त्री आला, "गव्हर्नर हंटिंग करते" म्हणाला, म्हणजे इंजनचा स्पीड सांभाळणारा भागच असा डुलतो, अन् पैसे घेऊन गेला. मग आपले विज्ञानाचे सर सायकलनं वावरात आले आणि मला त्या गव्हर्नरचे दोन फिरते गोळे दाखवले. "स्पीड वाढला का गोळे फाकतात अन् डिझेल कमी होते. पण हा दांडा पाह्य, जाम झाला. त्याले खबर उशिरा लागते, तवरोक इंजन कुठच्या कुठं!" रॉकेलनं दांडा धुतला, तेल सोडलं, इंजन सुतासारखं सरळ.

पुढे नागपूरला व्हीआरसीई या इंजिनीअरिंग कॉलेजात रूट-हर्विट्झ, नायक्विस्ट वगैरे, म्हणजे यंत्रणा स्थिर राहील का डुलेल हे तपासायच्या रीतींनी, लय छळलं. तिथंच कळलं की वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असेच गोळे लावले होते आणि ते डुलतात काऊन याचं गणित मॅक्सवेलनं १८६८ मध्ये मांडलं. मी तर ते आधीच वावरात पाहून बसलो होतो!

नंतर तीस वर्षं कंट्रोल, म्हणजे यंत्रं आपोआप ताब्यात ठेवायचं शास्त्र, शिकवलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक मात्र सांगतो. एका वीज केंद्रात लोड वाढवला की बॉयलर ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, आम्हाला बोलावलं. झालं असं की वाफ एकदम ओढली की ड्रममधला, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीतला, दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, दूध उतू जाताना वर येतं तसं, आणि लेव्हल वाढल्यासारखी दिसते. आपोआप पाणी सोडणारा कंट्रोलर नुसती लेव्हल पाहून पाणी कमी करायचा, नेमकं जास्त लागत असताना! मग वाफ किती जाते अन् पाणी किती येतं हेही त्याला मोजून दिलं, तेव्हा जमलं.

मागच्या दिवाळीत हे सरांना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी मध्येच विचारलं, "अन् तुह्यं ते इंजन?"

"विकलं सर. मोटार बसवली."

"लाईन कवा येते मंग?"

"रात्री बारानंतर. भाऊ जाते ब्याटरी घेऊन."


सर लय वेळ हसले.