उद्याचा मान्ना उद्या

आज शाळेत कळलं की जूनपासून माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही ते अजून नक्की नाही, म्हणजे अख्खी सुट्टी टांगणीला. आईला सांगितलं तर भाकरी थापता थापताच म्हणाली, बरं, हातपाय धू आधी 😄

रात्री घरच्या प्रार्थनेत बायबलमधला निर्गम १६ वाचला, मान्नाचा, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देव आकाशातून अन्न द्यायचा तो. रोज माणशी एक ओमर (तेव्हाचं माप), उरवून ठेवला की सकाळी किडे, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट कारण शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवशी मिळायचा नाही, आणि हे ४० वर्षं! खरं सांगू, मला वर्षभराचा एकदम मिळाला असता तर जास्त आवडलं असतं, ईएमआयवाल्यांना काय सांगणार... पण आजची भाकरी पोटात आहे आणि देवबापावर सोडलंय, झोपही येतेय.

सोमवारी दोन ठिकाणी बायोडेटा देतोय. प्रार्थना करा, आणि गणिताच्या टीचरची जागा कुठे असेल तर इनबॉक्स करा 🙏