मागितल्याशिवाय पोचणारी मदत

ह्यूस्टनच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘लर्निंग फ्रेमवर्क’ हा विषय शिकवते. गावी आले की हमखास विचारलं जातं, “म्हणजे नेमकं काय शिकवतेस?” अभ्यास कसा करायचा ते शिकवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “कॉलेजात गेलेल्या पोरांना हे शिकवावं लागतं?” लागतं. टेक्सासमध्ये त्यासाठी तीन क्रेडिटचा रीतसर विषय आहे, ईडीयूसी १३००. यंदा त्यातल्या ऑनलाइन वर्कशॉपबद्दल लिहायचं ठरवलं, कारण ही गोष्ट आपल्याकडच्या एफवायच्या वर्गांना फार उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना असं शिकवण्याला अमेरिकेत जुना इतिहास आहे. १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला. तिथले अध्यक्ष थॉमस जोन्स यांनी त्यातून असा बोध घेतला की नव्या विद्यार्थ्याचं विद्यापीठाशी नातं पहिल्या वर्षातच जुळायला हवं. १९७२ मध्ये तिथे नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा विषय सुरू झाला आणि पुढे देशभरातल्या कॉलेजांनी आपापल्या परीने तो उचलला.

कम्युनिटी कॉलेजात कटऑफ नसतो. शाळा संपवलेला कोणीही येतो. माझ्या वर्गात रात्रपाळी करून आलेली मुलं असतात, लहान बाळ आईकडे ठेवून आलेल्या मुली असतात, आणि घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणारे तर कितीतरी. त्यांना मदत करायला कॉलेजात सगळं आहे: ट्यूटरिंग सेंटर, रायटिंग सेंटर, समुपदेशक, प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळा. पण तिथे जातं कोण? ज्याला मदत मागायची सवय आहे, तो. ज्याच्या घरात कधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याला मदत मागणं म्हणजे ‘आपल्याला इथे जमणार नाही’ अशी कबुली दिल्यासारखं वाटतं. आईवडिलांनी खडसावून पाठवावं, तर तीही सोय नाही. १९७४ च्या कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात गेलं की त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज सहसा त्याचे गुण पालकांना सांगत नाही.

ऑनलाइन वर्कशॉपची खरी ताकद मला इथे दिसते. वीस ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, मधे मधे प्रश्न, शेवटी स्वतःचा आराखडा भरायचा. विषय अगदी साधे: वेळेचं नियोजन, नोट्स, पाठ्यपुस्तक वाचणं, परीक्षेची भीती, प्राध्यापकांना ईमेल लिहिणं, पैशांचा हिशेब. काही कॉलेजं ‘स्टुडंटलिंगो’सारख्या तयार संचाची वर्गणी भरतात, काही स्वतः तयार करतात. ही वर्कशॉप नुसती वेबसाइटवर ठेवली तर तीही त्याच हुशार, सवय असलेल्या मुलांपर्यंत पोचतात. पण तीच विषयाच्या गृहपाठात घातली, त्याला गुण ठेवले, सगळ्या वर्गाला सक्तीची केली, की मदत मागण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळेच करतात, म्हणून कोणी मान खाली घालत नाही. फोनवर, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री दोन वाजता, जमेल तेव्हा बघतात.

सक्ती हा शब्द काही सहकाऱ्यांना खटकतो. मुलं प्रौढ आहेत, त्यांना निवडू द्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. काय निवडायचं हे ज्याला कोणी दाखवलेलंच नाही, त्याच्यापुढे निवड ठेवून आपण बाजूला व्हायचं, यात मला आदर दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होताना सगळी वर्कशॉप एकदम अंगावर घातली तर एकही लक्षात राहत नाही. प्रत्येकाचा आठवडा ठरलेला हवा. नियोजनाचं वर्कशॉप मी पहिल्याच आठवड्यात ठेवते, आणि त्याला ठोस कारण आहे. टेक्सासमध्ये सोळा आठवड्यांच्या सत्रात बारावा दिवस हा हजेरीपटाचा अधिकृत दिवस. त्याआधी विषय सोडला तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) असा शेरा लागतो, आणि २००७ पासूनच्या राज्याच्या नियमाप्रमाणे सरकारी कॉलेजांत पदवीपर्यंत असे सहाच विषय सोडता येतात. म्हणजे आपल्याला किती झेपेल हे मुलाला बारा दिवसांच्या आत कळायला हवं.

त्या वर्कशॉपच्या शेवटी आठवड्याचा तक्ता भरायचा असतो. सात दिवस, चोवीस तास, एकूण १६८ चौकोन. एक मुलगा तो भरून माझ्या टेबलापाशी घेऊन आला. गोदामात आठवड्याला चाळीस तास काम. बारा क्रेडिट, म्हणजे बारा तास वर्गात. एका क्रेडिटमागे दोन तास अभ्यास या हिशेबाने आणखी चोवीस. झोप रोज सात तास धरून ४९. ह्यूस्टनच्या हायवेवर जाण्यायेण्यात चौदा. जेवण, अंघोळ, कपडे मिळून एकवीस. धाकट्या बहिणीला शाळेतून आणणं आणि तिचा अभ्यास, दहा. बेरीज आली १७०. चौकोन संपले होते आणि दोन तास समासात लिहिलेले होते. “मिस, मला वाटायचं मी आळशी आहे,” तो म्हणाला.

आम्ही तिथेच बसलो. आर्थिक मदतीच्या कार्यालयात आधी विचारून घे म्हटलं, कारण क्रेडिट कमी झाले की पेल ग्रँटची, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची, रक्कमही कमी होते. तो जाऊन विचारून आला, मग एक विषय सोडला. आठवड्याचे नऊ तास मोकळे झाले. उरलेले तिन्ही विषय त्याने पास केले. ऑफिस अवर्समध्ये हा मुलगा आपणहून कधीच आला नसता. तक्ता भरायला दहा गुण होते, म्हणून आला.

नोट्सचं वर्कशॉप मी पहिल्या चाचणीच्या आधीच्या आठवड्यात ठेवते. त्यात कॉर्नेल पद्धत शिकवतात. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी बसवलेली. पानावर डावीकडे अरुंद पट्टी सोडायची, उजवीकडे वर्गात लिहायचं, खाली सारांशाला जागा ठेवायची. घरी आल्यावर डाव्या पट्टीत प्रश्न लिहायचे आणि उजवी बाजू हाताने झाकून उत्तरं द्यायची. सगळं मर्म या झाकण्यात आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघण्याने जास्त टिकतं, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांनी वारंवार दाखवलं आहे. मुलं आधी काय करत असतात? पिवळ्या मार्करने पानच्या पान रंगवत असतात.

वर्कशॉप संपलं की प्रमाणपत्र मिळतं. ते कुठलंही असो, केवळ प्रमाणपत्रावर गुण द्यायचे नाहीत, हा माझा नियम. व्हिडिओ चालू ठेवून दुसरीकडे गेम खेळता येतो. म्हणून मी काम मागते: तुमच्याच बायोलॉजीच्या तासाचं एक पान या पद्धतीने लिहा आणि त्याचा फोटो कॅनव्हासवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर, टाका. पेशीपटलाच्या एका पानाशेजारी एका मुलीने लिहिलेला प्रश्न होता: ‘पाणी आत जातं, मीठ का नाही?’ पुढच्या तासाला तिने तोच प्रश्न बायोलॉजीच्या सरांना भर वर्गात विचारला. हे मला सरांकडूनच कळलं.

आपल्याकडे यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा प्रवेशोत्तर कार्यक्रम आणला. चांगली सुरुवात आहे. पण तो सत्राच्या तोंडावर होतो, आणि मुलांच्या अडचणी सुरू होतात त्यानंतर. मी मराठी माध्यमातून पुण्याला एफवायला आले तेव्हा रसायनशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पहिल्या दिवशी उघडलंच नव्हतं. ते कसं वाचायचं हा प्रश्न पडला चाचणी जवळ आल्यावर, आणि तेव्हा विचारायला कोणी नव्हतं.

सातारा जिल्ह्यात एफवायबीएस्सीला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीशी यावर खूप बोलणं झालं. तिच्या वर्गात लॅपटॉप मोजक्यांकडे, फोन जवळजवळ सगळ्यांकडे. म्हणून एकच वर्कशॉप आधी करून बघायचं ठरलं: इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं एक पान कसं वाचायचं. बोलणं मराठीत, पान तिच्याच पुस्तकातलं, लांबी पंधरा मिनिटं, फाइल इतकी लहान की एकदा उतरवून घेतली की नेट लागणार नाही. शेवटी मुलांनी त्या पानावर स्वतःचे तीन प्रश्न लिहून आणायचे आणि त्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे. तिची पहिली चाचणी सप्टेंबरात आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग ऑगस्टच्या मध्यापर्यंत हातावेगळं करायचं आहे. पान तिने निवडलं आहे, प्रकाशसंश्लेषणाचं.