दापोलीला पदवीदानाला जाताय? फेरीबोटीच्या नादी लागू नका

भाची एम.एस्सी. झाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात समारंभ सकाळी ११ला. रत्नागिरीहून आम्ही चौघं निघालो: मी, बहीण, मेहुणे आणि ७८ वर्षांची आई. "हायवेने कशाला? जयगडवरून बोटीने जा, तीन तासांत दापोली," असं शेजारच्या अण्णांनी छातीठोक सांगितलं होतं. अण्णा स्वतः त्या रस्त्याने शेवटचे कधी गेले होते, ते विचारायचं राहिलं.

जयगड ते तवसाळ बोट झकास, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. बोलायचंय ते तवसाळ ते गुहागर या पट्ट्याबद्दल. नकाशात जवळ दिसतो. प्रत्यक्षात चढ, वळण, उतार, पुन्हा वळण. वाडीतून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. समोरून एसटी आली की आपणच मागे जायचं, एसटी हटत नाही. आम्ही तीनदा मागे गेलो. तिसऱ्यांदा मागचं चाक गटारात. दोन पोरं आंब्याच्या बागेतून धावत आली म्हणून सुटलो. तोवर आईला ओकाऱ्या सुरू. आवळासुपारी संपली, पिशव्याही संपल्या. हेदवीच्या दशभुज गणपतीला गाडीतूनच हात जोडले. धोपाव्याला पोचलो तर दाभोळची बोट डोळ्यांदेखत सुटली. चूक बोटीची नाही, ती वेळेवर होती. पलीकडचा काठ समोर दिसतोय आणि आपण धक्क्यावर घाम पुसत बसलोय! बहिणीच्या पैठणीचं तर पोतेरं झालं. सुट्टीत सहलीला जायचं असेल तर या रस्त्याने खुशाल जा. समारंभाच्या दिवशी, त्यातून म्हातारं माणूस सोबत असताना, अजिबात नको.

सभागृहात शिरलो तेव्हा मान्यवरांची मिरवणूक आत जाऊनही झाली होती. कृषी विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल. ते यायचे असले की बंदोबस्त असतोच, त्यामुळे पिशव्या, डबे गाडीतच ठेवा आणि तासभर आधी पोचा. आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. प्रत्येकाला नाव घेऊन व्यासपीठावर बोलावतात, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे जातात ते सुवर्णपदकवाले आणि पीएच.डी.वाले. बाकीचे आपापल्या जागी एकदम उभे राहतात आणि एका दमात सगळ्यांना पदवी! आई विचारत राहिली, "यातली आपली कुठली गो?" मी बोट दाखवेपर्यंत सगळी बसलीसुद्धा. तरी बहीण रडली, मीही थोडा. फोटो बाहेर, झाडाखाली काढा, आतले सगळे हलतात.

मुक्कामाचं ऐका. फोनवर खोलीचे १२०० ठरले होते. दारात गेल्यावर २८००, "आज गर्दी आहे ना!" वर जादा गादीचे ४०० आणि गरम पाण्याच्या बादलीचे ५०. बादलीचे! आईच्या चेहऱ्याकडे बघून मुकाट दिले. तुम्ही भाडं आधीच मेसेजवर लिहून घ्या. गाडी असेल तर सरळ कर्दे-मुरुडकडे घरगुती खोली बघा. आदल्या रात्रीच या, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी हर्णै. बरं होतं.

परत खेडवरून आलो, पुढे परशुराम घाट, चिपळूण, संगमेश्वर. अंतर जास्त, कामंही चालू, पण गाडी चालत राहते. रेल्वेने येणाऱ्यांनीही खेडलाच उतरावं, तिथून दापोलीला एसटी आहेत. पावसाळ्यात मात्र घाट चालू आहे का ते विचारूनच निघा.

येताना भाचीने 'रत्ना'ची दोन कलमं डिकीत घातली. नीलम आणि हापूसचा हा संकर याच विद्यापीठाचा, १९८१ सालचा. आई झोपली होती. संगमेश्वरला जाग आल्याबरोबर तिने विचारलं, "बादलीचे पन्नास खरंच दिलेस?"