नोस्फेरातूची कोणती डिस्क घ्यावी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे: ‘नोस्फेरातू’ या जुन्या जर्मन भयपटाची एक डिस्क ६३ मिनिटांची, दुसरी ९४ मिनिटांची, आणि दोन्हींवर ‘संपूर्ण’ असं छापलेलं. मग खरी कुठली?

डब्यावरचा रिझोल्यूशनचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी लांबीचा हिशोब करा. दिग्दर्शक मुरनाउचा हा मूकपट मार्च १९२२ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी १९६७ मीटर होती. ३५ मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, बसतात. म्हणजे सगळ्या मिळून एक लाख तीन हजारांच्या आसपास. सेकंदाला १८ फ्रेमच्या गतीने त्या चालवल्या, तर ९५-९६ मिनिटं लागतात. बोलपटाच्या २४ च्या गतीने चालवल्या, तर ७२ मिनिटांत सगळं आटोपतं. ६३ मिनिटांची डिस्क २४ च्या गतीतही बसत नाही, म्हणजे ती पळवलेली आहेच, शिवाय कापलेलीही आहे.

गती डोळ्यांनी तपासायची, तर प्रसंग नीट निवडावा लागतो. जंगलातून येणारी ओरलॉकची, म्हणजे पटातल्या रक्तपिपासू सरदाराची, बग्गी किंवा किल्ल्याच्या अंगणात तो शवपेट्या रचतो तो प्रसंग यासाठी अजिबात घेऊ नका. ते मुद्दाम कॅमेरा धिमा चालवून, सेकंदाला कमी फ्रेम घेऊन चित्रित केलेले आहेत, म्हणून कुठल्याही आवृत्तीत झटके देत पळणारच. त्याऐवजी नायिका एलेन वाळूच्या टेकड्यांवर क्रूसांच्या मध्ये बसलेली असते, तिथे मागच्या समुद्राकडे बघा. नट चाल बदलू शकतो, लाट बदलत नाही. लाटा घाईघाईने आपटताना दिसल्या, की गती चुकली आहे.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो रंग. मूकपट म्हणजे काळा-पांढरा, ही समजूत इथे पूर्ण चुकीची आहे. त्या काळी रात्रीची दृश्यं बहुतेक भर दिवसा चित्रित करत आणि मग प्रिंटचे ते तुकडे निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवत. दिवसाला आणि दिव्याच्या उजेडाला पिवळा, पहाटेला गुलाबी. पुढे याच प्रिंटवरून काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नकला निघत गेल्या आणि रंग गळाला. त्याचा परिणाम असा, की ज्याला सूर्याचा किरण लागला तर मरण आहे, तो ओरलॉक अशा डिस्कवर लखलखीत उन्हात शवपेटी उचलून विस्बोर्ग गावाच्या रस्त्याने चाललेला दिसतो. सगळ्या कथेचा आधारच निघून जातो. म्हणून रंग नसलेली आवृत्ती कितीही स्वच्छ असली, तरी ती अपुरी आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

रंग आहे म्हणून लगेच समाधान मानू नका. द्रावणात बुडवलेल्या फिल्मवर रंग चढतो तो उजळ भागावर. दाट काळं काळंच राहतं. स्वस्त आवृत्त्यांमध्ये सरसकट एक निळा थर पसरवलेला असतो, काळाही निळसर दुधट होतो आणि जिन्यावर चढणाऱ्या ओरलॉकच्या त्या प्रसिद्ध सावलीच्या कडा विरघळतात. तीच सावली थांबवून बघा. सावली काळी आणि भिंत रंगीत असेल, तर काम जाणकाराने केलेलं आहे.

दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरूनही डिस्कची वंशावळ कळते. पाटीवर काउंट ड्रॅक्युला, हार्कर, रेनफिल्ड अशी नावं आणि गाव ब्रेमेन असेल, तर ती इंग्रजी प्रिंटवरून आलेली आहे. मूळ जर्मन पाट्यांत ओरलॉक, हुटर, क्नॉक आणि विस्बोर्ग आहेत. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता पट काढल्यामुळे तिचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रिंट नष्ट करण्याचा हुकूम झाला. त्यामुळे आज जे आहे ते निरनिराळ्या देशांत उरलेल्या प्रिंटमधून जुळवलेलं आहे. पाटीतला मजकूर एका बाजूला सरकलेला, डावीकडची अक्षरं कडेला टेकलेली दिसली, तर ती नक्कल बोलपटाच्या छपाईयंत्रातून निघाली आहे, हे ओळखा. ध्वनिपट्टीसाठी सोडलेल्या जागेत चित्राची डावी कड गेली.

आता थोडं तांत्रिक. १८ फ्रेमचे २४ करताना दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवतात. डिस्क एकेक फ्रेम पुढे नेली, की ही पुनरावृत्ती दिसते, आणि ती योग्यच आहे. युरोपीय डीव्हीडीच्या २५ मध्ये ती थोडी अनियमित होते, तेही चालतं. चालत नाही ते मिश्रण: थांबवलेल्या चित्रात हलत्या हाताशेजारी दुसरा फिकट हात दिसला, तर एका टीव्ही पद्धतीतून दुसरीत आंधळेपणाने रूपांतर केलेलं आहे.

तर घ्यायची कुठली? २००५-०६ मध्ये लुसिआनो बेरिआतुआ यांनी जर्मनीतल्या मुरनाउ प्रतिष्ठानासाठी जी प्रत रिस्टोअर केली, तिच्यावर आधारलेली. तिचा मुख्य पाया पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयातली १९२२ ची रंगीत नायट्रेट (जुन्या प्रकारच्या फिल्मवरची) प्रिंट आहे. नव्याने बनवलेल्या पाट्यांवर ‘एफ. डब्ल्यू. एम.’ अशी खूण केलेली असते, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. किनो आणि मास्टर्स ऑफ सिनेमा या प्रकाशकांची २०१३ ची ब्लू-रे याच प्रतीवरून आहे. एक अमेरिकेसाठी, दुसरी ब्रिटनसाठी, म्हणून तुमचा प्लेअर ती वाचतो का ते आधी बघा. सोबत पटाचा मूळ संगीतकार हान्स एर्डमान याचं संगीत आहे, बर्न्ट हेलर यांनी पुन्हा उभं केलेलं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवृत्तीत जेम्स बर्नार्ड यांचं संगीत आहे. ते जास्त आक्रमक आणि परिणामकारक आहे. पण पहिल्यांदा बघणाऱ्याने एर्डमान ऐकावा, कारण पटाच्या चालीशी तो लपंडाव खेळत नाही.

आणि डिस्क लावण्याआधी टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घालते, आणि दोनदा दाखवलेल्या फ्रेम समोर आल्या की गोंधळून ओरलॉकच्या लांब बोटांभोवती पाण्यासारख्या लहरी उठवते.