सेव्ह केलेला गेम हरवत नाही, दुसऱ्या फोल्डरात पडलेला असतो

जुना गेम विंडोज १० किंवा ११ वर चालतो, सेव्ह केल्याचंही दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी यादी रिकामी. यावर सगळ्यात आधी सल्ला मिळतो तो ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा. तो लगेच अमलात आणू नका. पुष्कळदा सेव्ह दिसेनासे होतात ते त्यामुळेच.

१९९९ चा एज ऑफ एम्पायर्स २ घ्या. तो स्वतःच्या इन्स्टॉल फोल्डरातल्या ‘सेव्हगेम’मध्ये फाइली लिहितो. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी अ‍ॅडमिन खातंच वापरात असायचं, म्हणून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये कुणीही लिहू शकायचं. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टाने ते बंद केलं. पण जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून सोयही ठेवली. ३२-बिट गेमने तिथे लिहायला घेतलं की फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात वळवली जाते आणि वाचतानाही तिथलीच प्रत दिली जाते. गेमला काही कळत नाही. मात्र तोच गेम अ‍ॅडमिन म्हणून चालवला की हे वळवणं थांबतं आणि त्याला खरा फोल्डर दिसतो. एकाच गेमचे सेव्ह असे दोन जागी विभागले जातात.

शोधायचं कसं? सी ड्राइव्ह, यूजर्स, आपल्या नावाचा फोल्डर, मग अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो; ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’ चालू करा. फाइली वळवल्या जात आहेत का हे टास्क मॅनेजरमध्येही कळतं: ‘डिटेल्स’ टॅब, कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक, आणि ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा कॉलम जोडा.

कायमचा उपाय म्हणजे गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवायचाच नाही. सी ड्राइव्हवर थेट ‘गेम्स’ नावाचा फोल्डर करून तिथे नव्याने इन्स्टॉल करा. अशा फोल्डरात साध्या खात्यालाही लिहिता येतं. गेम नुसता उचलून नेणार असाल तर कट नको, कॉपी करा, कारण कट केलं तर जुन्या परवानग्याही सोबत येऊ शकतात. शिवाय काही गेम आपला पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, लिहून ठेवतात, ते नुसत्या कॉपीने चालत नाहीत. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधले सेव्ह नव्या जागी आणा. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर तारीख बघितल्याशिवाय ‘रिप्लेस’ दाबू नका.

जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या गेमची गोष्ट वेगळी. त्यांचे सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, गेमच्या नावाच्या ‘यूजर फाइल्स’ फोल्डरात जातात. तिथे अडथळा आला तर विंडोज सिक्युरिटीतलं ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ उघडा. ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर ते अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. ते बंद करू नका, फक्त गेमची एक्झी फाइल (ज्या फाइलने गेम सुरू होतो ती) परवानगीच्या यादीत घाला. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डरच वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो, तिथेही बघा.

आपल्याकडे आणखी एक कारण असू शकतं: विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असणं. युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक अक्षरपद्धत) न जाणणाऱ्या जुन्या गेमला त्या फोल्डरच्या पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, आणि अशा गेमला वापरता येईल असं देवनागरीचं कोडपेज, म्हणजे जुन्या पद्धतीचा अक्षरांचा तक्ता, विंडोजमध्ये नाही. सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नवं लोकल खातं काढा, किंवा डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’ टॅबमधून तो फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा.

शेकडो जीबी मोकळे असताना गेम ‘जागा अपुरी’ म्हणत असेल तर दोष बहुधा हिशेबाचा आहे. जुना गेम मोकळी जागा ३२ बिटांत मोजतो आणि त्यात ४ जीबीच्या पुढची संख्या मावत नाही. वरचा भाग गळतो आणि उरलेली बाकी गेमला मोकळी जागा वाटते. काही गेममध्ये २ जीबीनंतरच आकडा ऋण होतो. म्हणून हा बिघाड कधी येतो, कधी नाही. एक्झीच्या ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबमध्ये विंडोज ९५ निवडून बघा. त्यानेही भागलं नाही तर ड्राइव्हवर दोनेक जीबीची एखादी फाइल टाका. बाकी बदलते आणि सेव्ह होतो.