पंचवीस अक्षरांची किल्ली

दुपारी सव्वातीनला लॅपटॉपवरच्या फोटोंच्या प्रोग्रॅमने मला चौथ्यांदा विचारलं, लायसन्स की आहे का?

आहे रे बाबा. सीडीच्या पाकिटामागे पिवळ्या चिठ्ठीवर छापलेली आहे. पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा. काल रात्री टाकली, आज सकाळी टाकली. दर वेळी निमूट घेतो, ‘थँक यू’ म्हणतो, फोटो उघडू देतो. चहा टाकायला म्हणून बंद करून उठावं आणि परत येऊन उघडावं, तर पुन्हा ओळख ना पाळख.

हा प्रोग्रॅम जुन्या स्कॅनरबरोबर आलेला. दोन्ही माळ्यावर पडून होते. यंदा मे महिन्यात ठाण्यात पाचपाखाडीच्या या फ्लॅटमधला माळा आवरायला काढला आणि चरईच्या घरातले आल्बम हाती लागले. काळ्या जाड कागदांचे, मध्ये फुलपाखराच्या पंखासारखा बटर पेपर, आणि फोटो बसवायला ते चिमुकले त्रिकोणी कोपरे. थुंकी लावून चिकटवायचे ते. नंतरनंतरचे फोटो रंगीत, पण आता सगळे तांबूस झालेत. अंधारात ठेवलेल्या रंगीत प्रिंटमधली निळाई आधी उडते म्हणे. मासुंदा तलावाचं पाणीसुद्धा चहासारखं दिसतं. तेवढं पाणी तरी निळं करावं, एवढाच माझा मनसुबा होता.

तर की. चिठ्ठी पुसट झालेली, त्यामुळे एक अक्षर डी आहे, ओ आहे की शून्य, हे कळेना. मी डी टाकत होते, पण चूक तिथेच असावी असं वाटलं. म्हणून हिंजवडीला लेकाला फोन लावला आणि वाचायला घेतली. बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, एम फॉर मद्रास. 1995 साली बॉम्बेची मुंबई झाली, पुढच्या वर्षी मद्रासचं चेन्नई झालं, पण फोनवर स्पेलिंग सांगताना दोन्ही गावं जिथल्या तिथे आहेत. टी आला की मी हट्टाने ‘टी फॉर ठाणे’ म्हणते. पलीकडचा माणूस ते हमखास एस लिहितो. तरीही म्हणते. इतक्या गोष्टी ठाण्याने मुंबईसाठी केल्या, 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून निघून आमच्याकडेच आली, आणि एका अक्षराचा मान नाही?

“आई, की बरोबर आहे,” लेक म्हणाला. “चुकीची असती तर आत सोडलंच नसतं.”

“मग पुन्हा पुन्हा का विचारतो?”

“कारण त्याला ती लिहून ठेवता येत नाहीये.”

मग त्याने सांगितलं ते असं. प्रोग्रॅम जुन्या विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. तेव्हा जो तो प्रोग्रॅम मशीनमध्ये वाटेल तिथे लिहून ठेवायचा. 2007 मध्ये त्यानंतरचं विंडोज व्हिस्टा आलं आणि ती मोकळीक गेली. आता प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये राहतो तिथे, किंवा मशीनच्या सामायिक वहीत, साध्या माणसाच्या नावाने काही लिहिता येत नाही. हा बिचारा की तपासतो, लिहायला जातो, वरून नकार येतो आणि तो नकार याला ऐकूच येत नाही. एकदा फक्त राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करायचं, म्हणजे मशीनच्या कारभाऱ्याच्या हक्काने उघडायचं, आणि तेव्हा की टाकायची. कायमची बसेल.

केलं. तर पडदा काळवंडला आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. वर नाव लेकाचं.

“हे काय रे? लॅपटॉप माझ्या पैशांचा.”

“हो, पण तू स्टँडर्ड यूजर आहेस. मीच केलंय तसं.”

“मग पासवर्ड सांग.”

“नाही सांगणार. मागच्या वेळी काय काय इन्स्टॉल केलं होतंस? रविवारी येतोय ना, टाकतो.”

फोन ठेवला आणि आजी आठवली. आल्बम तिच्या कपाटात असायचे आणि कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात. ती डब्यात आहे हे आम्हा सगळ्या भावंडांना ठाऊक होतं, कारण किल्ली काढताना ती आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करायची आणि मागून पत्र्याच्या झाकणाचा ‘टक्क’ असा आवाज यायचा. त्यानंतर तांदळात हात खुपसल्याची सळसळ. आम्ही मान न वळवता एकमेकांकडे बघून हसायचो. मग ती पदराला किल्ली पुसत विचारायची, “हात धुतलेत?”

धुतलेले असायचे. आल्बम मागायचा म्हणजे आधी मोरीत जाऊन यायचं, हे अंगवळणीच पडलं होतं. ओले हात पुढे करून दाखवले तरी “पुसलेत का?” असायचंच. बोटं उमटतात, म्हणायची. दहा मिनिटांपूर्वी पाहिलेला आल्बम पुन्हा मागितला तरी पुन्हा तेच. वडिलांनी छत्तिसाच्या रोलमधून काटकसरीने सदतिसावा फोटो काढलेला असायचा, तो बहुतेक अर्धा जळका; पण तोही बघायचा तर हात धुऊनच.

रविवारी लेक आला. जेवण झाल्यावर लॅपटॉप मांडीवर घेतला. राइट क्लिक, काळा पडदा.

“तिकडे बघ गं जरा.”

मी खिडकीकडे तोंड केलं. दोन टॉवरच्या फटीतून येऊरच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो, त्याच्याकडे बघत राहिले. मागे टकटक झाली. अकरा वेळा, शेवटची जोरात. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.

“सांग आता की.”

बी फॉर बॉम्बे सांगितलं, पार शेवटपर्यंत. ते पुसट अक्षर डीच निघालं. टी आल्यावर लेकाने न विचारता टी टाकला. पोटचा आहे.

संध्याकाळी तो पुण्याची गाडी पकडायला गेला आणि मी प्रोग्रॅम उघडला. काही विचारलं नाही. बंद केला, पुन्हा उघडला. नाहीच. सरळ आत. तलावाचा फोटो समोर ठेवलेला होता: आम्ही चौघं कठड्यावर, मागे ते तांबूस पाणी, कोपऱ्यात कुणाची तरी नऊवारीची कड.

आल्बमकडे हात नेला, मग उठले आणि बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. पुसलेही.